'अढळ श्रद्धा', 'दृढ विश्वास' की 'विश्वासात स्थिर'?

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलीचे चर्चमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) व्हायचे आहे आणि तिला द्यायच्या शुभेच्छापत्रावर मराठीत दोन ओळी लिहायच्या आहेत. मनात आधी 'तुम्हारा विश्वास अटल रहे' हे हिंदी वाक्यच आले. मग मराठीत 'तुझी श्रद्धा अढळ राहो' लिहावे, 'तुझा विश्वास दृढ राहो' लिहावे, की दोन्ही एकच?

दोन्ही एकच नाहीत. ख्रिस्ती जीवनाविषयी लिहिताना 'विश्वास' हाच शब्द घ्यावा, आणि वाक्य जमल्यास 'विश्वासात स्थिर राहा' असे करावे, असे माझे मत आहे.

'श्रद्धा' शब्दात काही उणे आहे म्हणून मी हे सांगत नाही. उलट व्युत्पत्तीने पाहिले तर 'श्रत्' आणि 'धा' यांपासून झालेला हा शब्द लॅटिन 'क्रेडो'चा सख्खा नातलग आहे, आणि पाश्चात्त्य चर्चची जुनी विश्वासघोषणा याच 'क्रेडो' शब्दाने सुरू होते. तरीही मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या बोलण्यात 'विश्वास' रुजला, आणि तो रुजला हे योग्यच झाले. आपली श्रद्धा गुरूवर असते, शास्त्रावर असते, एखाद्या स्थानावर असते. तिच्यात आदर मुख्य असतो. विश्वास मात्र ज्याने शब्द दिला त्याच्यावर ठेवायचा असतो. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात न डळमळता आशेला धरून राहण्यास सांगितले आहे, आणि त्याचे कारण 'ज्याने वचन दिले तो विश्वसनीय आहे' असे दिले आहे. धरणाऱ्याची पकड किती घट्ट आहे, याचा तिथे उल्लेखही नाही.

इंदूरकरांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. मराठीत ज्याला आपण 'अंधश्रद्धा' म्हणतो त्याला हिंदीत 'अंधविश्वास' म्हणतात. घरात मराठी आणि बाजारात, शाळेत, कचेरीत हिंदी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या कानाला दोन्ही शब्द थोडे थोडे डागाळलेले वाटतात आणि त्यांपैकी निवड करताना मन घुटमळते. मराठी वाक्यात मराठीचाच संकेत पाळावा.

जाता जाता, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'ची परंपरा या दोन्हींहून वेगळी आहे. तिथे 'भावार्थ' हा शब्द येतो, आणि गोव्याचे कोकणी ख्रिस्ती लोक आजही 'भावार्थ' म्हणतात ते याच अर्थाने. 'देव भावाचा भुकेला' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना तो परका वाटू नये. पण इंदूरच्या शुभेच्छापत्रावर 'भावार्थ' लिहिला तर मुलगी त्याला कवितेचा सारांश समजेल.

आता 'अढळ' आणि 'स्थिर' यांविषयी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल 'स्थिर व अढळ व्हा' असे दोन्ही शब्द जोडून लिहितो (अध्याय १५), आणि पुढच्याच अध्यायात 'विश्वासात स्थिर राहा' म्हणतो. पहिल्या ठिकाणी 'स्थिर'साठी जो ग्रीक शब्द आहे तो 'आसन' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. आपण 'बैठक पक्की आहे' म्हणतो तसा. 'अढळ' म्हटले की मराठी मनाला ध्रुवाचे अढळपद आठवते, म्हणजे तप करून एकदाच मिळवलेली आणि पुन्हा कधीच न हलणारी जागा. ख्रिस्ती शिकवणीत मात्र विश्वासात रोज उभे राहावे लागते. म्हणूनच आज्ञार्थी 'राहा' मला इतका मोलाचा वाटतो.

या सगळ्यामागे असलेला हिब्रू शब्द पाहिला की चित्र आणखी स्पष्ट होते. 'एमुना' या शब्दाचा अर्थ विश्वास, आणि त्याच शब्दाचा अर्थ स्थिरपणा. प्रार्थनेच्या शेवटी आपण ऐकतो तो 'आमेन' याच धातूपासून आला. यशया संदेष्टा अरामाच्या आणि इस्राएलाच्या राजांना घाबरलेल्या आहाज राजाला सांगतो की विश्वास धरला नाहीत तर तुम्ही टिकणार नाही. मूळ वाक्यात 'विश्वास धरणे' आणि 'टिकणे' ही दोन्ही क्रियापदे एकाच धातूची आहेत, आणि हा श्लेष कोणत्याही मराठी भाषांतरात उतरणे कठीण आहे. त्याहून बोलके स्थळ बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. अमालेक या शत्रूशी लढाई चालू असता इस्राएलाचा पुढारी मोशे टेकडीवर हात उंचावून असतो. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. हात भरून येतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला एका धोंड्यावर बसवतात, दोघे दोन बाजूंनी त्याचे हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहतात. जो शब्द पुढे हबक्कूकच्या ग्रंथात नीतिमान माणूस कशाने जगेल हे सांगताना येतो, तोच इथे थकलेल्या हातांसाठी वापरलेला आहे. हे हात मोशेच्या एकट्याच्या बळावर स्थिर राहिलेले नव्हते, ही गोष्ट 'अटल', 'अढळ', 'अविचल' या भारदस्त विशेषणांतून निसटून जाते.

'दृढ' शब्दाला माझी हरकत नाही. 'दृढीकरण' या संस्कारनामातच तो आहे. बिशप डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याने या व्यक्तीला बळ द्यावे अशी प्रार्थना करतात, म्हणजे इथेही दृढ करणारा दुसराच कोणी आहे. फक्त 'दृढ' म्हणजे 'प्रश्न न विचारणारा' असा अर्थ कोणी घेऊ नये. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर आपल्याला दीक्षेकडे नेणाऱ्या मठातील धर्मभगिनींशीच धर्ममतांवरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. कोणी अधिकाराने सांगितले एवढ्यावरून एखादे मत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत करत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत 'विश्वासात स्थिर राहणे' या शब्दप्रयोगाला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. इंदूरच्या मराठीत 'देवावर विश्वास कर' असे सर्रास ऐकू येते. ते 'विश्वास करना'चे रूप आहे. मराठीत विश्वास ठेवतात; जुन्या धार्मिक भाषेत विश्वास धरतात; तो आपोआप बसतो आणि एखाद्या दिवशी उडतोही. पत्रावर 'प्रभूवर विश्वास ठेव आणि त्या विश्वासात स्थिर राहा' असे लिहिल्यास वाक्य मराठी वळणाचे होईल.

शेवटी, त्याच मुलीला उद्देशून 'विश्वासी' लिहिण्याचा मोह होईल, कारण हिंदी उपासनेत तो शब्द सतत कानी पडतो. मराठी चर्चमध्ये विश्वास ठेवणाऱ्याला 'विश्वासणारा', 'विश्वासणारी' म्हणतात. 'विश्वासू' वेगळा: ज्याच्यावर दुसऱ्याने विसंबावे असा. स्मुर्णा येथील मंडळीला प्रकटीकरणात 'मरेपर्यंत विश्वासू राहा' असे सांगितले आहे ते या दुसऱ्या अर्थाने. ग्रीकमध्ये 'पिस्तोस' हा एकच शब्द दोन्ही अर्थांना पुरतो. मराठीला दोन लागतात, आणि पत्रावर त्यांची अदलाबदल करू नये.