शब्दचर्चा : स्कॉटलंडची ‘सोपीव’ सत्ता

स्कॉटलंडच्या पार्लमेंटविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना ‘डिव्होल्यूशन’साठी (म्हणजे मध्यवर्ती पार्लमेंटने आपले काही अधिकार प्रादेशिक पार्लमेंटकडे देण्यासाठी) स्वायत्तता, स्वराज्य आणि विकेंद्रीकरण यांपैकी कोणता शब्द घ्यावा, अशी पृच्छा आहे. माझ्या मते तिन्हींपैकी एकही नेमका बसत नाही. ‘सत्तेची सोपवणूक’ असे म्हणावे.

तिथे घडले ते असे. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात स्कॉटिश पार्लमेंटच्या बाजूने ७४.३ टक्के मते पडली. पण ते पार्लमेंट अस्तित्वात आले वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश पार्लमेंटने, १९९८ मध्ये केलेल्या कायद्यामुळे, आणि स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या ब्रिटिश पार्लमेंटच्या अधिकाराला बाध येत नाही, असे त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात लिहून ठेवलेले आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार असे विषय यादी करून लंडनने स्वतःकडे राखले. आरोग्य, शिक्षण वगैरे यादीबाहेरचे विषय एडिंबराकडे, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटकडे, गेले.

म्हणजे अधिकार दिले, पण त्यांवरची मालकी सोडली नाही. ‘सोपवणे’ या क्रियापदात नेमका हाच भाव आहे. शेजारणीकडे किल्ली सोपवली म्हणून घर तिचे होत नाही, आणि किल्ली परतही मागता येते : १९२१ पासून चालत आलेले उत्तर आयर्लंडचे पार्लमेंट लंडनने १९७२ मध्ये स्थगित केले आणि पुढच्याच वर्षी बरखास्त केले. (‘सोपवणे’ची व्युत्पत्ती ‘समर्पण’च्याच धातूकडे जाते, ही त्यातली गंमत, समर्पण केलेले मात्र कोणी परत मागत नाही.)

शिवाय हा शब्द मी घडवलेला नाही. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, तेव्हा गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिलेल्या खात्यांना ‘राखीव’ आणि मंत्र्यांकडे दिलेल्या खात्यांना ‘सोपीव’ अशी नावे मराठीत रूढ झाली. ज्या नियमांनी ही वाटणी केली, त्यांचे इंग्रजी नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’ असे होते. शंभर वर्षांपूर्वीची ही जोडी स्कॉटलंडच्या कायद्याला आजही जशीच्या तशी लागू पडते.

‘विकेंद्रीकरण’ म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या येतात, कायदे करणारे पार्लमेंट येत नाही. ‘स्वराज्य’ तर फारच मोठा शब्द आहे. लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ती सत्ता मागण्यासाठी, आणि मागणीला शोभणारा शब्द कायद्याने हाती आलेल्या मर्यादित अधिकारांना शोभेलच असे नाही. ‘स्वायत्तता’ ही सोपवणुकीनंतरची स्थिती आहे, म्हणून ‘स्कॉटलंडला अंतर्गत कारभारात स्वायत्तता आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. प्रक्रियेचे नाव म्हणून मात्र तो शब्द वापरू नये.

गोव्याविषयी लिहिताना हा भेद विशेष जपावा. १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा मिळाली ती संसदेच्या कायद्याने, म्हणून तिथे ‘सोपवणूक’ चालेल. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाल्यावर मात्र त्याच्या विधानसभेचे अधिकार थेट राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतून येऊ लागले, तेव्हा त्या प्रसंगासाठी ‘घटक राज्याचा दर्जा मिळाला’ ही रूढ वाक्यरचनाच योग्य आहे.