‘अनियंत्रित’, ‘निरंकुश’ की ‘सर्वंकष’? चौदाव्या लुईच्या राजेशाहीला काय म्हणावे

प्रश्न असा आला आहे: फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीला शाळेच्या पुस्तकात ‘अनियंत्रित राजेशाही’ म्हणतात, लेखांमध्ये ‘निरंकुश सत्ता’ दिसते आणि एका भाषांतरात ‘सर्वंकष राजसत्ता’ वाचली. तिन्ही एकच का? भाषांतर करताना कोणता शब्द घ्यावा? आणि नाव ‘लुई चौदावा’ लिहावे की ‘चौदावा लुई’?

एकच नाहीत. ‘अनियंत्रित’ घ्यावा, ‘निरंकुश’ जपून वापरावा आणि ‘सर्वंकष’ इथे नकोच.

फ्रेंचांचा शब्द ‘आब्सोल्यू’. तो लॅटिन ‘अब्सोल्यूतुस’वरून आला, आणि त्यात ‘सोडणे, मोकळे करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘बंध सुटलेला’. कशापासून सुटलेला, हे महत्त्वाचे. रोमन कायद्यात उल्पियन या कायदेपंडिताचे एक वचन आहे, सम्राट कायद्यांपासून मोकळा असतो. तोच धागा धरून झाँ बोदँ या फ्रेंच विचारवंताने १५७६ मध्ये सार्वभौमत्वाची व्याख्या ‘राज्याची बंधमुक्त आणि कायमस्वरूपी सत्ता’ अशी केली. कायदा जो करतो तो स्वतःच्या किंवा पूर्वजांच्या कायद्याने बांधला जात नाही, हा त्याचा मुद्दा. मात्र ईश्वरी कायदा, निसर्गाचा कायदा आणि राज्याचे मूलभूत कायदे (उदाहरणार्थ, वारसाक्रमाचे) यांतून बोदँने राजाला सोडलेले नाही. राजपुत्राचा शिक्षक असलेल्या बिशप बोस्युएनेही ‘बंधमुक्त’ सत्ता आणि ‘मनमानी’ सत्ता या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या सांगितल्या. त्यांची गल्लत लोक जाणूनबुजून करतात, अशी त्याची तक्रार होती.

आता मराठी शब्द पाहू. अंकुश हे माहुताचे हत्यार, त्यामुळे ‘निरंकुश’ म्हटले की मोकाट हत्ती डोळ्यांपुढे येतो. संस्कृतात ‘निरंकुशाः कवयः’ हे कवींना दिलेले लाडाचे स्वातंत्र्य आहे, पण राज्यकर्त्याला हा शब्द लावला की तो निवाडा ठरतो. लुईवर टीका करायची असेल तर खुशाल वापरा. व्यवस्थेचे नाव म्हणून वापरलात, तर बोस्युएने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी तुम्ही परत एकत्र केल्यात.

‘सर्वंकष’मध्ये ‘कष्’ धातू आहे, घासणे, खरवडणे. सगळे खरवडून काढणारा तो सर्वंकष. आज आपण ‘सर्वंकष अभ्यास’ असे कौतुकानेही म्हणतो, आणि विसाव्या शतकातल्या, माणसाच्या घरात नि मनात शिरणाऱ्या हुकूमशाहीलाही तोच शब्द रुळला आहे. लुईच्या फ्रान्सला तो बसत नाही. उत्तरेत रूढीचे कायदे, दक्षिणेत रोमन परंपरेचा लिखित कायदा, आणि मापे गावागणिक निराळी. अर्थमंत्री कोल्बेरने १६६४ मध्ये अंतर्गत जकाती काढल्या, त्याही मुख्यतः उत्तर आणि मध्य भागातल्या प्रांतांपुरत्या. मिठावरचा ‘गाबेल’ कर ब्रिटनीत नव्हता, शेजारच्या मेन प्रांतात तो जबर होता, म्हणून त्या सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक हा धंदाच झाला. ब्रिटनी, लांगदोक, बर्गंडी अशा प्रांतांत कराची रक्कम तिथल्या प्रांतिक सभांशी घासाघीस करून ठरे. जी राजवट मिठाचा भाव एक करू शकली नाही तिला सर्वंकष म्हणणे म्हणजे तिने स्वतःविषयी केलेली जाहिरात खरी मानणे.

उरला ‘अनियंत्रित’. या शब्दाची अडचण खरी आहे. ‘अनियंत्रित ट्रक दुकानात घुसला’ असे रोज वाचणाऱ्याला त्यात बेफामपणा ऐकू येतो. पण राज्यशास्त्रातली जोडी नियंत्रित–अनियंत्रित अशी आहे. १६८९ च्या हक्कांच्या सनदेनंतर इंग्लंडचा राजा संसदेच्या संमतीवाचून कर बसवू शकत नव्हता, ती नियंत्रित राजेशाही. राजाला ‘नाही’ म्हणण्याचा अखेरचा कायदेशीर अधिकार जिथे कोणत्याच संस्थेला नाही, ती अनियंत्रित. शब्द अधिकाराबद्दल बोलतो, सत्तेचा हात किती लांब पोचतो याबद्दल नाही. एवढे ध्यानात ठेवले तर तो अगदी नेमका आहे. ‘निरपेक्ष राजेशाही’ असेही कोणी सुचवतात. ‘निरपेक्ष तापमान’ म्हणायला ते चालते. राजाला लावले की तो ‘निरपेक्ष भावनेने’ राज्य करत होता असे वाटू लागते.

हा अखेरचा ‘नाही’ कसा काढून घेतला गेला, ते पॅरिसच्या ‘पार्लमाँ’च्या बाबतीत स्पष्ट दिसते. इथेच भाषांतरकार सर्वाधिक घसरतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो. पार्लमाँ ही संसद नव्हती. ते वरिष्ठ न्यायालय होते. राजाचा हुकूम तिथल्या दप्तरात नोंदला गेला की तिच्या हद्दीत अमलात येई, आणि नोंदणीपूर्वी न्यायाधीश लेखी हरकत घेऊ शकत. त्यांनी ताणून धरले तर राजा स्वतः न्यायालयात येऊन गादीवर बसे आणि समोर नोंदणी करवून घेई. या बैठकीचे फ्रेंच नाव शब्दशः ‘न्यायाची शय्या’ असे आहे. मराठीत ‘न्यायशय्या’ लिहू नका, हसू येते. ‘राजाची खास न्यायसभा’ पुरे. १६७३ मध्ये लुईने क्रमच उलटा केला: आधी नोंदणी करा, हरकत मग पाठवा. हरकतीचा हक्क कागदावर राहिला, त्यातला दम गेला. लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयाने त्याचे मृत्युपत्र बाजूला सारून त्याच्या पुतण्याला, ओर्लेआँच्या ड्यूकला, बालराजाचा पूर्ण कारभारी केले, आणि त्याच महिन्यात ड्यूकने न्यायालयाला हरकतीचा जुना हक्क परत दिला. बहात्तर वर्षांच्या राजवटीनंतरचा हा व्यवहार पाहिला की ‘अनियंत्रित’ शब्दाची मर्यादाही कळते.

मूलभूत कायद्यांचे तसेच झाले. आपल्या अनौरस पण नंतर मान्यता दिलेल्या मुलांना लुईने १७१४ मध्ये वारसाक्रमात घातले. १७१७ मध्ये ते रद्द झाले. मुकुट ही राजाने कुणालाही देऊन टाकण्याची वस्तू नाही, असे कारण दिले गेले.

आणखी दोन पदनामे. ‘ऑफिसिए’ दिसला की हात ‘अधिकारी’ लिहायला जातो. पण ही पदे विकत घेतलेली असत. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ते पद मुलाकडे जाई किंवा विकता येई. १६६५ च्या मोजणीत अशी सुमारे ४५,००० पदे निघाली. राजा अशा माणसाला सहज काढू शकत नसे, कारण मग पदाची किंमत परत द्यावी लागे, आणि खजिन्यात तेवढे पैसे कधी नसत. मराठी वाचकाला हे समजावायला ‘वतनदार’ जवळचा. फरक इतकाच की वतन बहुधा मिळे, हे पद विकत घ्यावे लागे. याउलट ‘आंतांदाँ’ हा राजाने नेमलेला, केव्हाही परत बोलावता येणारा, न्याय, बंदोबस्त आणि वसुली पाहणारा माणूस. त्याला ‘सुभेदार’ म्हणू नये, सुभेदारात फौज येते, आणि प्रांताचा लष्करी गव्हर्नर तिथे वेगळा, बहुधा मोठा सरदार असे. ‘राजनियुक्त प्रांताधिकारी’ लांब आहे, पण चुकीचे नाही.

राजाच्या हुकुमांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य येते, ते बहुतेक ठिकाणी ‘कारण अशी आमची मर्जी’ असे उतरवले जाते आणि मग राजा लहरी ठरतो. त्यातला ‘प्लेझीर’ हा लॅटिन ‘प्लाकितुम’च्या घराण्यातला आहे, विचाराअंती ठरलेले, मान्य झालेले. ‘कारण असा आमचा निर्णय आहे’ हे बरोबर. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब असते. त्यातली ‘मर्यादा’ म्हणजे मजकूर इथे संपला, राजाच्या संयमावरचे भाष्य नव्हे. ठरीव वाक्ये ठरीव म्हणूनच वाचावीत. ‘लेत्र द काशे’लाही ‘अटकेचे वॉरंट’ म्हणणे अपुरे आहे. ते राजाच्या सहीचे, मंत्र्याची प्रतिसही असलेले बंद पत्र, आणि त्यात हद्दपारीपासून सभा बोलावण्यापर्यंत काहीही असे. पुष्कळदा घरचेच लोक बिघडलेल्या मुलाला कोंडण्यासाठी ते मागत. आपल्याकडे ‘लखोटा’ हा फार छान शब्द आहे: ‘राजाचा लखोटा’.

‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य लुईने १३ एप्रिल १६५५ रोजी पार्लमाँत उच्चारल्याचे सांगतात. तिथल्या दप्तरात ते नाही. मृत्युशय्येवरचे जे नोंदले गेले ते नेमके उलट जाते: ‘मी चाललो, पण राज्य कायम राहील.’ दोन्हीकडे शब्द ‘एता’ आहे. त्याचे ‘राष्ट्र’ करू नये, ‘राज्य’ किंवा ‘राज्यसंस्था’ करावे, कारण राष्ट्र ही कल्पना फ्रान्समध्ये राजाच्या जागी येऊन बसली ती १७८९ मध्ये.

नावाचे विचारलेच आहे म्हणून: ‘लुई चौदावा’ चूक नाही, पण विभक्ती लावताना ते अडखळते, ‘लुई चौदाव्याने’ की ‘लुई चौदावा याने’? आपण ‘बाजीराव दुसरा’ म्हणण्यापेक्षा ‘दुसरा बाजीराव’ म्हणतो. तसेच ‘चौदावा लुई’ लिहा, मग ‘चौदाव्या लुईने’, ‘चौदाव्या लुईला’ आपोआप जमते.