ग्वानयिन या चिनी बौद्ध देवीच्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या मूर्तीवर ‘हे चाओझोंग’ या मूर्तिकाराचा शिक्का असेल, तर ती चीनच्या मिंग राजवटीच्या काळातलीच का? (ग्वानयिन म्हणजे आपल्या अजिंठ्यातला अवलोकितेश्वरच, चीनमध्ये स्त्रीरूपात गेलेला.)

नाही, नुसत्या शिक्क्यावरून तसं म्हणता येत नाही. हे चाओझोंग हा चीनच्या फूचियान प्रांतातल्या दहुआ या गावचा मिंग काळातला मूर्तिकार. त्याचं नाव एवढं मोठं झालं, की मिंगनंतरच्या छिंग राजवटीत आणि विसाव्या शतकातही कारागीर ते मूर्तींच्या पाठीवर उमटवत राहिले. त्यामुळे आधी रंग आणि घडण बघा. दहुआच्या मातीत लोह अगदी कमी, म्हणून ती भाजल्यावर स्वच्छ पांढरी निघते. मिंग काळातल्या चांगल्या मूर्तींची झिलई हस्तिदंती, सायीच्या रंगाची असते आणि दिव्यासमोर धरलं की पातळ कडांतून गुलाबीसर उजेड झिरपतो. छिंगच्या बऱ्याच मूर्तींत निळसर झाक दिसते. वस्त्राच्या चुण्या मात्र मन लावून बघा. अस्सल कामात त्या ओल्या कापडासारख्या अंगावरून ओघळतात, नकलेत बहुधा ताठर वाटतात. पण रंगही शेवटचा पुरावा नव्हे, कारण हस्तिदंती छटा आजही दहुआत मुद्दाम साधतात. म्हणून फोटोवर विसंबून पैसे मोजू नका, जाणकाराला मूर्ती हातात घेऊन तळ, आतली पोकळी आणि मूर्तीच्या बोटांची दुरुस्ती झाली आहे का, ते तपासू द्या.