रिअ‍ॅक्ट (वेबसाइट बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकायलोय, नवा प्रोजेक्ट उभा करायचं टूल म्हणून क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप घेऊ का व्हाईट (Vite)?

व्हाईट नाही भाऊ, वीट म्हणतेत त्याला, विठोबाची वीट. तेच घे. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नव्या कामाला वापरू नका असं रिअ‍ॅक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण खरं सांगू का, टूलपेक्षा आधी फोटो बघ. मी बीडकडच्या एका मंगल कार्यालयाची साइट केलती, माझ्या वायफायवर लई भारी पळायची आन् मालकाच्या मोबाईलवर स्टेजचा फोटो पडद्यासारखा वरून खाली हळूहळू उतरायचा, बघतो तर एकच फोटो ४ एमबीचा! बारीक करून वेबपी (कमी जागा घेणारा फोटो फॉरमॅट) केला, १५० केबीत बसला. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमधी थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम हळू करायची सोय) ३जीवर ठेवूनच बघत जाय. इमेजला विड्थ-हाईट (रुंदी-उंची) दे, नाहीतर फोटो आल्यावर पान उड्या मारतंय. आन् वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (खाली सरकत जवळ गेल्यावरच फोटो उतरवणं) लावू नको.