गाडी, गोळ्या आणि मिक्सर

प्रश्न : मुलीची जपानच्या खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला निवड झाली आहे. इथून काय तयारी करून न्यावी?
– एक पालक, चोपडा

उत्तर : सगळ्यात आधी गाडीचं पाहा. तिथल्या खेड्यांत बस मोजक्याच, शिक्षकाला बहुधा कार लागतेच. व्हिसा हाती आला की जळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो तिथे एकच वर्ष चालतो. पुढे भारतीय लायसन्सवरून जपानी करून घ्यावं लागतं. इथे बरेच जण अडकतात, कारण लायसन्स मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात. लेकीकडे लायसन्स नसेल तर आजच शिकाऊ परवान्याला लावा. या पुराव्यासाठी जुना पासपोर्टही सोबत द्या.

गोळ्यांचं तितकंच कडक. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराच्या वर न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळं करणारं औषध १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना तर बंदीच आहे.

मिक्सर घरीच ठेवा. तिथे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. शेवभाजीचं वाटण निघायचं नाही. काळा मसाला सीलबंद न्या. ताज्या मिरच्या, कढीपत्ता विमानतळावरच काढून घेतात; पेरायचं बीही कीड-रोग नसल्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय जाऊ देत नाहीत.

पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च आणि घराची अनामत यांसाठी येन जवळ हवेत. घर मिळाल्यावर १४ दिवसांत पालिका कचेरीत पत्ता नोंदवायचा. आणि हो, थर्मल कपडे: तिथली जुनी घरं आतूनही गारठतात.