हळदीच्या पेठेत कीबोर्ड का टिकत नाही?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि खरेदीदारांची बिले काढताना दिवसभर हात आकड्यांच्या बटणांवरच असतो. दोन वर्षांत तीन कीबोर्ड बाद झाले. पहिल्याची चार बटणे, तीही एकमेकांपासून लांबची, एका सकाळी एकदम बंद पडली. दुसऱ्याचे एंटर अडकू लागले. तिसऱ्यावरचे ५ आणि ० पुसले गेले. वॉरंटी मागितली, तर आत हळद सापडल्याचे सांगून विक्रेत्याने हात वर केले. मालक आता महागडा मेकॅनिकल कीबोर्ड घ्या म्हणतात. तो टिकेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साध्या रबरी कीबोर्डचे (म्हणजे बटणांखाली रबराच्या टोप्या असलेल्या) एक बटण ५० लाख ते १ कोटी वेळा दाबले जाईपर्यंत चालावे, असे सर्वसाधारणपणे उत्पादक सांगतात. आपण एंटर रोज ५,००० वेळा दाबता असे धरले, तरी वर्षाच्या ३०० दिवसांत १५ लाखच होतात. तेव्हा आपले कीबोर्ड दाबून दाबून झिजले, असे म्हणता येत नाही.

लांबलांबची चार बटणे एकदम गेली, यातच पहिल्याचे दुखणे दिसते. अशा कीबोर्डच्या पोटात प्लास्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीजवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात आणि एकेका रेघेवर अनेक बटणे अवलंबून असतात, त्यामुळे चहाचा ओघळ किंवा दमट हवा आत शिरून एखादी रेघ खाल्ली गेली, की त्या रेघेवरची सगळी बटणे मुकी होतात. (चहाचा उल्लेख आपण केलेला नाही, पण अडत दुकानात तो टेबलावर नसेल, हे पटत नाही.) अडकणाऱ्या एंटरचा दोष मात्र बहुधा हळदीचाच, कारण ती भुकटी हाताच्या घामात मिसळली की बटणाच्या खाचेत लुकणासारखी बसते. पुसलेले आकडे हा निव्वळ स्वस्त छपाईचा प्रश्न आहे.

पडद्याचा कीबोर्ड म्हणजे तकलादूच, असेही नाही. १९८५ साली आलेल्या आयबीएमच्या मॉडेल एममध्ये वर स्प्रिंग असली तरी तळाशी पडदेच होते, आणि ते कीबोर्ड दशकानुदशके चालले. याउलट, मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि साध्या मेकॅनिकल स्विचमधील धातूचे संपर्क बंदिस्त नसतात. तिथे धूळ पोचली की एकदा दाबलेले बटण दोनदा उमटू लागते. पट्टीवर ५,५०० चे ५५,५०० झाले, तर ते निस्तरणे कीबोर्डच्या किमतीपेक्षा महागात पडेल.

म्हणून आपल्या जागी मी साधाच कीबोर्ड ठेवीन, त्यावर धुता येणारे सिलिकॉनचे आवरण घालीन आणि आकड्यांसाठी यूएसबीवर चालणारा सुटा नमपॅड वेगळा घेईन. तो बिघडला तर तेवढाच बदलता येतो. घेताना आकडे रंगाने छापलेले नसून दुहेरी ओतकामाचे, म्हणजे वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये आरपार घडवलेले, आहेत ना ते विचारावे. संध्याकाळी दुकान बंद करताना कीबोर्ड उलटा करून झटकावा आणि वर फडके टाकावे.