ती नेमकी कुणाला बघत होती?

"मॅडम, रोज तोच सिनेमा. आखूड स्कर्टातल्या पोरी उड्या मारतात आणि ही डोळे लावून बसते. अभ्यासात लक्ष नाही, घरात कुणाशी धड बोलत नाही. हातावर पेनाने काहीबाही गिरवत असते. उद्या म्हणाली मला हेच करायचंय, तर?"

आठवीतल्या एका मुलीच्या आईचा हा प्रश्न. माझ्याकडे मुलांविषयी सल्ला घ्यायला येणाऱ्या बऱ्याच आया तो विचारतात, फक्त सिनेमाच्या जागी कधी कोरियन बँड असतो, कधी एखादी वेबमालिका. (ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत.) हे कुटुंब जूनमध्ये साताऱ्याहून हिंजवडीला आलं होतं. वडिलांची नवी नोकरी, मोठी सोसायटी, मुलीला इंग्रजी माध्यमाची नवी शाळा.

सिनेमा होता 'ब्रिंग इट ऑन'. शाळेतल्या चीअरलीडर मुलींवरचा, अमेरिकन, 2000 सालचा, म्हणजे या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आईने तो अर्धवटच पाहिला होता, येता-जाता. तिच्या डोळ्यांपुढे चीअरलीडर म्हणजे आयपीएलमध्ये चौकार गेला की सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली. आपल्याकडे 2008 पासून हा शब्द त्यांच्यामुळेच घरोघरी पोचला, तेव्हा आईला दोष देण्यासारखं काही नाही. पण अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत हा प्रकार, म्हणजे आरोळ्या देऊन आपल्या संघाला चेतवणं, वेगळा वाढला. 1898 साली मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात ज्याने तो सुरू केला असं मानतात, तो मुलगा होता आणि पुढची काही दशकं हे काम मुख्यतः मुलगेच करायचे. आज तिथे त्याच्या स्पर्धा होतात. कोलांट्या, मनोरे, हवेत फेकलेल्या मुलीला झेलणं. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली. आईला मी एवढंच म्हटलं, की दहीहंडीतल्या वरच्या थरावरच्या पोराला आपण नाच्या म्हणत नाही, तसंच थोडंसं हे आहे. ती हसली, पण पटलं नव्हतं. पटावं अशी माझी घाईही नव्हती.

मुलगी आली ती हाताची घडी घालूनच. अशा वेळी "तुला हा सिनेमा का आवडतो?" असं मी विचारत नाही. या वयात 'का' म्हटलं की मुलांना उलटतपासणी वाटते, आणि खरं उत्तर त्यांनाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, "मला त्यातली दहाच मिनिटं दाखवायची झाली, तर कुठली दाखवशील?"

क्षणभरही विचार न करता तिने फोन काढला.

माझी अपेक्षा होती शेवटच्या स्पर्धेची, नाहीतर नायिकेच्या एखाद्या नाचाची. नायिका टॉरन्स, सॅन दिएगोच्या श्रीमंत शाळेची नवी कप्तान, सोनेरी केसांची. पण या मुलीने लावला निवडचाचणीचा प्रसंग. त्यात मिसी नावाची मुलगी येते. लॉस एंजेलिसहून नुकतीच आलेली, मूळची जिमनॅस्ट. नव्या शाळेत जिमनॅस्टिक्सचा संघच नाही, म्हणून नाइलाजाने चीअरलीडिंगच्या चाचणीला उभी राहते. कपडे वेगळे, चेहऱ्यावर बेफिकिरी. दंडावर गोंदण आहे म्हणून कुणीतरी हरकत घेते, तर ती बोट ओलं करून ते पुसूनच टाकते. तासाला कंटाळा आला म्हणून पेनाने काढलेलं असतं. मग अशा काही कोलांट्या मारते की सगळे गप्प. तरीही संघातल्या जुन्या मुलींना ती नकोच असते. कप्तान तिला घेते.

माझी नजर या मुलीच्या मनगटावर गेली. निळ्या शाईची वेलबुट्टी.

"सातारला तू काय खेळायचीस?"

"दोरीचा मल्लखांब." मग बराच वेळ गप्प. "इथे नाहीये. इथे स्केटिंग आहे आणि टेबल टेनिस आहे."

पाच वर्षं ती दोरीवर होती. घर बदलताना सगळ्यांनी तिच्या गणिताचा, इंग्रजीचा, बसच्या वेळेचा विचार केला. दोरीचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही, कारण बाबांच्या नोकरीमुळे घरात आनंद होता. वर्गात मुली तिच्या बोलण्याच्या हेलाची नक्कल करतात, हे तिसऱ्या भेटीत कळलं.

तो सिनेमा मी नंतर एकटीने नीट पाहिला. पालकांनी निदान एकदा तरी पाहावं, ते अशासाठी. टॉरन्सच्या संघाने वर्षानुवर्षं जिंकलेले नाच आधीच्या कप्तानाने ईस्ट कॉम्प्टनच्या कृष्णवर्णीय मुलींच्या संघाकडून चोरलेले असतात. हे ओळखते कोण? बाहेरून आलेली मिसीच. ती टॉरन्सला गाडीत घालून तिथे नेते आणि मूळ नाच दाखवते. म्हणजे नवखी मुलगी इथे दयेची धनी नाही. जुन्यांना जे दिसत नाही ते तिला दिसतं. वर्गात टिंगल सोसणाऱ्या मुलीला याहून गोड काय असणार? शेवटी अजिंक्यपद ईस्ट कॉम्प्टनला मिळतं, नायिकेचा संघ दुसरा येतो आणि तरी खूश असतो. टक्केवारीच्या तराजूत तोलल्या जाणाऱ्या आपल्या मुलांना हा शेवट किती मोकळा करत असेल, याचा अंदाज मला त्या रात्री आला.

तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघण्याचं म्हणाल तर, बारा ते पंधराच्या वयात ते अगदी नेहमीचं आहे. शाळेत उद्या काय होईल याचा भरवसा नसतो, पडद्यावर पुढे काय होणार ते पाठ असतं.

आईची काळजी मात्र मी सगळी खोडून काढली नाही. सिनेमातल्या विनोदात ओंगळ भाग आहेत, समलैंगिक मुलांवरचे हिणकस शेरे आहेत, पैसे जमवायला पोहण्याच्या कपड्यांत मोटारी धुणाऱ्या मुली आहेत. मला सर्वांत खटकला तो भाड्याने आणलेला नृत्यदिग्दर्शक. तो एकेकाच्या शरीराची खोड काढतो आणि सगळ्यांना डाएटवर जायला सांगतो. सिनेमा त्याचीच टर उडवतो हे खरं; त्याने विकलेला नाच दुसराही संघ स्पर्धेत करतो आणि त्याचं पितळ उघडं पडतं. पण शरीरावरचे शेरे हसू आणून मनात राहतातच. मी मुलीला त्याबद्दल थेट विचारलं. ती म्हणाली, "दोरीवर पण वजन लागतंच ना बघायला." म्हणून जेवणाची, पाळीची नीट चौकशी केली. काळजीचं काही नव्हतं. तरी आईला सांगून ठेवलं: जेवण टाळणं, सारखं काट्यावर उभं राहणं, पाळी चुकणं यातलं काही दिसलं तर सिनेमाशी भांडत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि सोसायटीच्या फरशीवर मैत्रिणींनी एकमेकींना उचलण्याचे प्रयोग बंद. गादी आणि शिकवणारं माणूस नसताना नाहीच.

वडिलांनी शहरात मल्लखांबाची एक व्यायामशाळा शोधून काढली. हिंजवडीहून जाणं म्हणजे शिक्षाच, पण शनिवार-रविवार दुचाकीवर दोघं जातात. शाळेतली टिंगल लगेच थांबली नाही. वर्गशिक्षिकेशी दोनदा बोलावं लागलं, आणि हेल तसाच ठेवायचा की बदलायचा हे मुलगी अजून ठरवतेय.

सिनेमा अधूनमधून चालू असतो. एकदा आईने तो शेजारी बसून अथपासून इतिपर्यंत पाहिला आणि मोटारी धुण्याचा प्रसंग घाणेरडा आहे असं तोंडावर सांगितलं. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आईने ते मला अपराधी आवाजात फोनवर सांगितलं. मला मात्र बरंच वाटलं. कित्येक आठवडे त्या घरात ती मुलगी भांडतसुद्धा नव्हती.